परदेशी एकट्याने जाताना औषधांची बॅग हलकी कशी करावी?

कसबा पेठेतल्या माझ्या दवाखान्यात उन्हाळा आला की एक वाक्य ठरलेले असते: "डॉक्टर, मुलीकडे अमेरिकेला चालले आहे, सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या." बोलणाऱ्या बहुधा साठीपुढच्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या आणि एकट्याच निघालेल्या. सामान कमी ठेवा, हा सल्ला त्यांना सगळेच देतात. ते वजन नेमके कुठे कमी करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

गेल्या वर्षी एका काकूंनी हौसेने स्टीलचा डबा दाखवला. सगळ्या गोळ्या पाकिटांतून काढून त्यात भरलेल्या. जागा वाचली खरी, पण पांढऱ्या गोल गोळ्यांतली मधुमेहाची कोणती आणि रक्तदाबाची कोणती, हे मलाही ओळखता येईना. कस्टम्सच्या अधिकाऱ्याला काय कळणार? बाहेरचे खोके आणि माहितीचा कागद घरी ठेवा. औषधाचे नाव आणि मुदत छापलेले पाकीट (स्ट्रिप) मात्र तसेच राहू द्या. पाकीट कापायचे असेल तर नाव आणि तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राहील असे कापा. थायरॉइडची गोळी बाटलीतून येत असेल तर ती बाटलीतच ठेवा.

किती न्यायच्या? अमेरिकेत वैयक्तिक वापरासाठी साधारण तीन महिन्यांपुरती औषधे न्यावीत, असा तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा संकेत आहे. मुक्काम त्याहून लांबला तर पुढच्या औषधांसाठी तिथला डॉक्टर लागेल. हे मुलांशी निघण्यापूर्वीच बोलून ठेवा. प्रवासविम्यात जुने आजार धरले आहेत का, तेही तेव्हाच वाचा.

माझ्याकडून चिठ्ठी घ्याल तेव्हा ती इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावाने मागा, कारण आपली कंपनीची नावे तिकडे चालत नाहीत. मूळ नावांतही फरक असतो. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटॅमिनोफेन असते आणि दम्याचे साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल. या चिठ्ठीची एक प्रत पासपोर्टजवळ, अंगावरच्या पर्समध्ये हवी. तिच्यावर आजार, ॲलर्जी आणि मुलांचा फोन नंबरही लिहा. एकट्या माणसाला विमानतळावर चक्कर आली तर शेजारी सांगणारे कोणी नसते. मधुमेह असेल तर त्याच पर्समध्ये साखरेच्या पुड्या ठेवा.

रोजची सगळी औषधे हातातल्या बॅगेत घ्या. मोठी बॅग हरवते, कधी दोन दिवस उशिरा येते. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत मुळीच टाकू नका. विमानाच्या पोटात ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नसते. सुया सोबत असतील तर चिठ्ठीत त्यांचाही उल्लेख हवा. हातातल्या सामानात द्रव पदार्थांना १०० मि.ली.ची मर्यादा असते. गरजेच्या औषधांना त्यातून सवलत मिळते, पण ती तपासणीच्या वेळी वेगळी काढून दाखवावी लागतात.

हातातल्या बॅगेला बऱ्याच विमान कंपन्या ७ किलोची मर्यादा घालतात. पण तुमची मर्यादा तुमचा खांदा ठरवतो. भरलेली बॅग घेऊन वाड्याचा लाकडी जिना एकदा स्वतः चढून-उतरून बघा आणि मग ती डोक्याच्या उंचीच्या फळीवर ठेवून बघा. जमले नाही तर दोन साड्या काढा, गोळ्या नव्हे. नुकतेच हर्नियाचे किंवा पोटाचे ऑपरेशन झाले असेल तर हा प्रयोगही करू नका. व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच मागून ठेवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

काही औषधे न नेलेलीच बरी. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल आणि अल्प्राझोलाम यांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. ती न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. जपानमध्ये १० टक्क्यांहून जास्त स्युडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधे नेता येत नाहीत. "असू दे, लागली तर" म्हणून टाकलेली अशी पट्टी प्रवासात महागात पडू शकते. झोपेची गोळी खरोखर रोज लागत असेल तर त्या देशाचे नियम महिनाभर आधी बघा.

आणि एक औषध नसलेली वस्तू. दुबईच्या भाच्यासाठी अनारसे नेणार असाल तर ते खसखशीशिवाय करा. आपल्याकडे डब्यात सहज असणारी खसखस तिथे बंदी असलेल्या पदार्थांत मोडते.