जिल्ह्याची बाल संरक्षण व्यवस्था: छत्रपती संभाजीनगर

आईवडील नसलेले, घरातून निघून आलेले, रस्त्यावर वा रेल्वे स्थानकावर एकटे सापडलेले, घरात मारहाण सोसणारे किंवा वय होण्याआधीच लग्न ठरवलेले मूल कायद्याच्या भाषेत ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. अशा मुलाचे पुढे काय करायचे, हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात बालकल्याण समिती ठरवते. २०१५ चा बाल न्याय अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यानुसार अध्यक्ष आणि चार सदस्य अशी पाच जणांची ही समिती असते, त्यांत किमान एक महिला असावी लागते आणि मुदत तीन वर्षांची असते. तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. सदस्य मात्र बाल मानसशास्त्र, समाजकार्य, कायदा, शिक्षण अशा क्षेत्रांतून येतात. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे समितीपुढे येत नाहीत. ती न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते मिळून बनलेल्या बाल न्याय मंडळापुढे जातात.

आदेश समितीचा असला तरी अंमलबजावणी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असते. कक्षात जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, संस्थात्मक आणि संस्थाबाह्य काळजीचे संरक्षण अधिकारी, कायदा तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि क्षेत्र कार्यकर्ते असतात. कक्ष जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या अखत्यारीत आणि ते कार्यालय पुण्याच्या आयुक्तालयाखाली. याउलट मुलाला जन्मापासून ओळखणारी अंगणवाडी जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे असते. शाळा शिक्षण विभागाची, शहरातील वस्ती महानगरपालिकेची, तक्रार पोलिसांची. एकाच मुलाची माहिती अशी पाच कपाटांत विभागलेली असते. व्यवस्थेतल्या बहुतेक त्रुटी कोणत्याही एका कार्यालयात सापडत नाहीत. एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे काम जाताना त्या तयार होतात. २०२१ च्या दुरुस्तीने हे ओळखले. १ सप्टेंबर २०२२ पासून समिती, कक्ष आणि बालगृहांसारख्या संस्था यांच्या कामकाजावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याकडे आली. या सर्व विभागांना एका बैठकीत बसवू शकणारा जिल्ह्यात दुसरा अधिकारी नाही.

सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. पोलीस, रेल्वे सुरक्षा बल, १०९८ हेल्पलाइनचे कर्मचारी, परिचारिका, शिक्षक किंवा कोणताही नागरिक त्याला आणू शकतो. मूल स्वतःही येऊ शकते. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली आणि अनेक वर्षे स्वयंसेवी संस्थांनी चालवली. अलीकडे ती शासनाने आपल्याकडे घेतली. हजर केल्यानंतर चौकशीचा आदेश निघतो. मुलाच्या घरी जाऊन, शेजारी आणि शाळेत विचारपूस करून सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत द्यायचा आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत समितीने निर्णय करायचा, असा क्रम आहे. कागदावर ही मुदत पुरेशी वाटते. पण मूल परजिल्ह्यातले वा परप्रांतातले निघाले, की अहवाल तिथल्या कक्षाकडून मागवावा लागतो आणि तोपर्यंत मूल बालगृहातच राहते. कक्षातले बहुतेक कर्मचारी कंत्राटी आहेत. एखादा क्षेत्र कार्यकर्ता नोकरी सोडून गेला, तर त्याने गृहभेटीत जे पाहिले आणि अहवालात लिहिले नाही तेही त्याच्याबरोबर जाते. सुधारणेची चर्चा नव्या योजनेपासून सुरू होण्याची सवय असली, तरी या पदांची स्थिरता ही त्याआधीची गोष्ट आहे.

संस्थेत ठेवणे हा कायद्यानेच शेवटचा उपाय मानला आहे. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक वा दोन्ही पालक गमावलेल्या किंवा संकटात असलेल्या कुटुंबातील मुलाच्या संगोपनासाठी दरमहा अनुदान मिळते. ४२५ रुपयांवरून ते ११०० आणि २०२३ मध्ये २२५० रुपये झाले. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाची रक्कम ४००० रुपये आहे. कोविडकाळात या योजनांचे मोल दिसले. मे २०२१ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले गेले, दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची मुदत ठेव ठेवली आणि एक पालक गमावलेल्या मुलांना बालसंगोपनाचा आधार देण्यात आला. तेव्हा यादी करायला अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या घरोघरी गेल्या. त्यासाठी नवा विभाग काढावा लागला नाही.

ग्रामीण भागात व्यवस्थेची कसोटी बालविवाहात लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते, आणि मराठवाडा हा प्रश्न तीव्र असलेल्या भागांपैकी आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत याला सरळ आर्थिक कारण आहे: नवराबायकोचा मिळून एक कोयता मोजला जातो आणि मुकादमाकडून उचल कोयत्यावर मिळते, म्हणून लग्न लवकर लावले जाते. मुलीला सहा महिने गावात एकटी ठेवण्याची भीती वेगळीच. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो आणि अंगणवाडी सेविका त्याला मदत करते. सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समितीही असते. लग्न थांबवले की काम संपले असे पोलीस आणि वऱ्हाड दोघांनाही वाटते. प्रत्यक्षात मुलीला बालकल्याण समितीपुढे आणणे, पालकांकडून हमीपत्र घेणे आणि पुढच्या हंगामापर्यंत तिच्या शाळेवर लक्ष ठेवणे, एवढे काम उरलेले असते. महिला व बालकल्याणासाठी ग्रामपंचायतीने राखून ठेवायचा दहा टक्के निधी या पाठपुराव्याकडे वळला तर उपयोगी पडेल. शिलाई यंत्रे वाटून तो संपवण्याची प्रथा जुनी आहे.

संस्थांचा प्रश्न शहराने २०२५ मध्ये जवळून पाहिला. ३० जून रोजी छावणी परिसरातील एका बालगृहातून नऊ मुली बाहेर पडल्या. त्यांच्या तक्रारींच्या बातम्या आल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि विषय विधिमंडळातही गाजला. खरे तर अशा तक्रारी आधीच पुढे येण्यासाठी कायद्यात तरतुदी आहेत. सहा वर्षांवरील मुले असलेल्या प्रत्येक संस्थेत मुलांची समिती असावी लागते. वैद्यकीय अधिकारी आणि महिला सदस्य असलेल्या तपासणी पथकाने तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक संस्थेला भेट द्यायची असते आणि आठवड्यात अहवाल सादर करायचा असतो. तो अहवाल प्रशासनाकडे जातो; जनतेपुढे मांडण्याचे बंधन नाही. इंग्लंडमध्ये स्थानिक परिषदांच्या बालसेवांची तपासणी ‘ऑफस्टेड’ ही संस्था करते, ‘उत्कृष्ट’ ते ‘अपुरी’ अशी श्रेणी देते आणि अहवाल प्रसिद्ध करते. नापास झालेल्या परिषदेला मतदारांपुढे उत्तर द्यावे लागते. मुलांची ओळख झाकून असे अहवाल इथेही प्रसिद्ध करता येतील. मात्र पथकाने मुलांशी कर्मचाऱ्यांच्या देखत बोलू नये, ही त्याहून साधी आणि आधीची सुधारणा आहे.

दत्तकविधानातही बदल झाला आहे. सोडून दिलेले मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिन्यांत, मोठे असेल तर चार महिन्यांत समितीने त्याला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करायचे असते; पुढची जुळणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते. अंतिम आदेश पूर्वी न्यायालय देत असे, २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात.

अठरावे वर्ष पूर्ण झाले की बालगृह सोडावे लागते. त्यानंतर २१ वर्षांपर्यंत, अपवादाने २३ पर्यंत, अनुरक्षणाची मदत मिळू शकते. राज्याने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि शासकीय नोकरीत एक टक्का आरक्षण ठेवले. त्याचा लाभ घेण्यासाठी महिला व बाल विकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते आणि ते मिळवताना बालपणीचे कागद पुढे ठेवावे लागतात. पालकांचा शोध घेतल्याची नोंद, समितीचे आदेश, संस्था बदलल्याच्या तारखा यांपैकी काही गहाळ असेल, तर त्या तरुणाला किंवा तरुणीला पुन्हा त्याच कार्यालयांत फेऱ्या माराव्या लागतात.