सूर्याआधीची पंचवीस मिनिटं

पहाटे 4:50
रत्नागिरीत मारुती मंदिराच्या नाक्यावर चहाची टपरी अजून उघडायची आहे. एक फोटोग्राफर मोटरसायकलला काठी बांधतोय. आंबे काढायच्या घळाची बांबूची काठी, साडेतीन मीटर. जाळी काढून टोकाला कॅमेऱ्याची बैठक बसवलीय. ती एका फॅब्रिकेशनवाल्याने 250 रुपयांत करून दिली. कॅमेरा मात्र लग्नाचा. एप्रिल-मेमध्ये हाच कॅमेरा अंतरपाट आणि पंगती टिपतो. डिसेंबरात मुहूर्त नसतील त्या दिवशी कातळशिल्पं, म्हणजे सड्यांवर, जांभ्याच्या पठारांवर, कोरलेली जुनी चित्रं.

5:55
भाट्ये पूल, पावस, आणि पुढे डावीकडे कच्चा रस्ता. गावाचं नाव लिहीत नाही. सड्याला कुंपण नाही, आणि रविवारी गाड्या घेऊन येणारी हौशी मंडळी फोटोत चित्र उठून दिसावं म्हणून रेषांत खडू भरतात. खडू निघता निघत नाही.

जांभ्याचा सडा, वर वाळकं गवत. दोन काकी आधीच येऊन बसल्यात. काल संध्याकाळी त्यांनी गवत काढलं, खराट्याने माती सरकवली. आता हातात रंगाचे मऊ ब्रश. रेषा दोन बोटं खोल, तळाशी लाल माती घट्ट बसलेली. ती उकरायची नाही, फक्त सुटी माती उचलायची. लोखंडाला बंदी. दोघींना 300-300 रुपये. दहाला त्यांना काजूच्या बागेत जायचंय, तिथली मजुरी वेगळी.

6:35
उजाडलंय, ऊन नाही. हीच त्याची वेळ. चपला बाहेर काढून तो कातळावर येतो. गार दगडावर तळपाय आखडतात.

काठी कमरेच्या पट्ट्यात रोवलेली, कॅमेरा डोक्यावर, खाली बघणारा. दर तीन सेकंदांनी आपोआप फोटो. तो पाऊल टाकतो, थांबतो, खटका ऐकतो, पुढचं पाऊल. नांगरासारख्या पट्ट्या पाडत जायचं. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा पाऊण भाग यायलाच हवा, नाहीतर कॉम्प्युटरला सांधा सापडत नाही. ड्रोन का नाही, विचारलं. ‘सड्यावर वारा बघताय ना? आणि बॅटरी कितीची माहितीय?’

डोळ्यांना रेषा दिसायला तिरकं ऊन लागतं. फोटो सांधून कॉम्प्युटर जे त्रिमितीय मॉडेल बनवतो, त्याला ते चालत नाही. सावली पडली की ती फोटोत भाजून बसते, मग पुढे खोली कुठली आणि सावली कुठली हे वेगळं करता येत नाही. म्हणून सूर्याआधीची पंचवीस मिनिटं.

7:02
शेपटीपर्यंत पोचायच्या आत ऊन आलं. तो शिवी गिळतो. शेपटी संध्याकाळी.

पण आता चित्र दिसायला लागलं. मघापर्यंत दगडावर नुसते ओरखडे होते. ऊन आडवं आलं आणि पाच मीटरचा देह वर आला, चपटा, दोन्ही बाजूंना पंखासारख्या कडा, मागे लांब शेपूट. काकी म्हणाली, ‘पाकट हाय ती.’ मासळी बाजारात आयुष्य काढलेल्या बाईचं मत मी तरी मोडणार नाही. तो काठी ठेवून तिरक्या उन्हातले वेगळे फोटो काढतो, हे नोंदीसाठी. मोजपट्टी, रंगपट्टी, उत्तरेचा बाण. बाण होकायंत्राने लावला. देवाचे गोठणे इथे तेवढ्यावर भागत नाही. तिथल्या मानवाकृतीजवळ सुई भरकटते.

8:20
घावणे, चटणी, थर्मासमधला चहा. 120 रुपये.

कातळशिल्पांतला कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे, पोटात आणखी कितीतरी प्राणी. त्याच्याशेजारी उभं राहिलं तर पायाखाली एक रेघ दिसते, बस्स. गावोगावच्या लोकांना ही चित्रं पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती, कुणी पांडवांची म्हणायचं. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पायी तुडवून त्यांची रीतसर नोंद लावली. 2022 मध्ये कशेळी, उक्षी, बारसू, जांभरूण ही नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आजची पाकट त्या यादीत नाही.

9:00
पलीकडच्या सड्यावर चिरेखाणीचं गोल पातं सुरू झालं. लाल धूळ वाऱ्यावर इकडे. तो कॅमेरा पिशवीत टाकतो.

दुपारी 12:30
घरची मागची खोली. सकाळचे 412 फोटो, त्यातले 37 हललेले, बाद. उरलेले कॉम्प्युटरला दिले. पंख्याचा आवाज वाढतो. वीज गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणून इन्व्हर्टर घेतला. त्याचा हप्ता चालू आहे.

हे रात्रभर चालणार. तोवर गेल्या महिन्यात टिपलेल्या हत्तीचं काम. हा कशेळीचा नव्हे, पाकटीच्याच सड्यावरचा. तयार मॉडेलमध्ये दोन कोटींवर त्रिकोण असतात, डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट तेवढे पेलत नाही, मान वळवली की चित्र अडखळतं आणि बघणाऱ्याला मळमळतं. म्हणून त्रिकोण पाच लाखांवर आणायचे. रेषांचे बारकावे वेगळ्या चित्रात साठवून वरून पांघरायचे. हे काम यंत्र निम्मं करतं, निम्मं माउसने. मनगटाला पट्टा बांधलेला आहे.

फ्रान्समधली प्राचीन चित्रांची लास्कोची गुहा माणसांच्या श्वासाने खराब व्हायला लागली, म्हणून 1963 मध्ये लोकांना बंद केली. पुढे तिच्या प्रतिकृती बांधल्या, हेडसेटमध्येही ती आली. सड्याला कुलूप कुठे लावणार?

4:40
जमीनमालकांची ओटी. आबांचं वय पंचाहत्तर, गुडघे गेलेले, सड्यावर जाणं दोन वर्षांपूर्वीच सुटलं. हत्ती त्यांच्याच जमिनीत, पाकटीपासून दोनशे पावलांवर.

‘आबा, खुर्चीतच बसा. उठू नका हां.’

चष्मा काढून हेडसेट. मुंबईहून सेकंडहँड आणलेला, 23,000. पट्टा डोक्याला सैल होतो, तो मागून धरून ठेवतो. आधी आबा गप्प. मग हात पुढे करून हवेत चाचपडतात. त्यांना माणसाच्या उंचीवरून नाही, माडाच्या शेंड्यावरून दिसतंय.

तो बोटाने सूर्य फिरवतो. यातली खरी करामत हीच. सड्यावर असं ऊन दिवसातून दोनदा, थोडाच वेळ मिळतं. इथे पश्चिमेकडून, उत्तरेकडून, हवं तितकं आडवं. उत्तरेकडून टाकलं तर सोंडेच्या खाली आणखी एक झिजलेली रेघ उठते. उत्तरेचं आडवं ऊन कोकणात कधी पडायचंच नाही. साफसफाई करताना ती कुणाला दिसली नव्हती.

‘ही कुठे आली?’ आबा विचारतात. ‘करवंदीच्या जाळीकडे?’

‘तिच्या अलीकडे, आबा.’

‘अरे, तिथं मी काजूला खड्डा मारायला सांगितलाय सोमवारी.’

आतून सूनबाई म्हणतात, ‘आणि त्या खाणवाल्याला काय सांगायचं? तो परत फोन करतोय.’ आबा हेडसेट काढत नाहीत. उत्तरही देत नाहीत.

5:55
पुन्हा सडा. कातळ अजून तापलेला, अनवाणी चालताना तो टाचा उचलतो. सूर्य समुद्रात गेला की पंधरावीस मिनिटं. या वेळी फक्त शेपटी. सकाळचा उजेड निळसर, आताचा तांबूस. दोन्हींचा मेळ घालायला रंगपट्टी पुन्हा दगडावर. 140 फोटो.

7:30
पावसच्या टपरीवर हिशेब. एका चित्राचे ठरलेले 4,000. पेट्रोल दोन फेऱ्यांचं 400, काकींचे 600, नाश्ता 120. उरले 2,880, त्यात रात्रीची वीज आणि पुढचे तीन दिवस माउस धरणं आलं. लग्नाच्या एका दिवसाला 12,000 मिळतात. मग हे कशाला, असं विचारलं तर तो वडापावचा घास संपवतो. ‘लग्नात कुणी म्हणतं का, थांबा, खड्डा दुसरीकडे मारतो?’

फोन वाजतो. लांज्याचा साखरपुडा, परवा सकाळी 10 ला. तो हो म्हणतो आणि मेमरी कार्डं मोजायला लागतो. चार आहेत, तीन भरलेली.