क्लोन केलेली डिस्क सुरूच होत नाही? जुनी डिस्क पुसण्याआधी हे वाचा

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी वाटीत जपून ठेवलेले बारीक स्क्रू आणि काळ्या स्क्रीनवर एकच ओळ : बूट डिव्हाइस सापडले नाही. जुन्या लॅपटॉपची रडतखडत चालणारी हार्ड डिस्क काढून मी नवी एसएसडी बसवली होती. क्लोनिंगच्या सॉफ्टवेअरने तर तीन तासांनी ‘100 टक्के पूर्ण’ असे ठणकावून सांगितले होते. तरी विंडोज काही सुरू होईना.

त्या डिस्कमध्ये लेकीच्या बारशापासूनचे फोटो होते, सासऱ्यांच्या पेन्शनची कागदपत्रे होती. मनात आले, क्लोन फसला, आता सगळे पुसून नव्याने विंडोज टाकू. पण डोळे मिटत होते म्हणून तशीच झोपले. तेच बरे झाले.

सामान आले, किल्ली राहिली

डिस्क क्लोन करणे म्हणजे घर बदलण्यासारखे आहे. आपल्याला फक्त सी ड्राइव्ह दिसतो, पण डिस्कवर आणखी काही छोटी पार्टिशन लपलेली असतात. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये त्यातले एक ईएफआय पार्टिशन असते, बहुधा 100 एमबीच्या आसपासचे. विंडोज कुठे आहे आणि ती कशी सुरू करायची, हे त्यात लिहिलेले असते. ते आले नाही किंवा त्यातला पत्ता चुकला, तर सगळे सामान नव्या घरात असूनही दार उघडत नाही.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा : डिस्क सुरू होत नाही याचा अर्थ फोटो गेले असा नाही. आणि जुनी डिस्क शाबूत आहे तोवर कोणतीही चूक सुधारता येते.

आधी या सोप्या तपासण्या करा

* नवी डिस्क यूएसबी केबलने बाहेरून जोडून सुरू करून पाहत आहात का? नेहमीची विंडोज अशी बाहेरून चालण्यासाठी बनवलेली नसते. डिस्क लॅपटॉपच्या आत बसवूनच तपासा. उघडण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि चार्जर काढा. बॅटरी निघत असेल तर तीही काढा.

* लॅपटॉप चालू करताच बायोसमध्ये जा. त्यासाठी कंपनीनुसार एफ2, एफ10 किंवा डिलीट हे बटण असते. तिथे नवी डिस्क दिसते का ते पाहा. दिसतच नसेल तर ती नीट बसलेली नाही. दिसत असेल तर बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ किंवा ती डिस्क सर्वात वर ठेवा.

* बायोसमध्ये यूईएफआय आणि लेगसी असे दोन प्रकार असतात. जुनी डिस्क ज्या प्रकारात चालत होती, तोच क्लोनलाही हवा. घरात कुणी तो बदलला असेल तर पूर्ववत करा.

स्क्रीन काय सांगते?

बूट डिव्हाइस नाही : ईएफआय पार्टिशन आलेले नाही किंवा बूटचा क्रम चुकला आहे.

0xc000000e हा क्रमांक : विंडोजला दिलेला पत्ता जुळत नाही. दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडल्या तर असे होऊ शकते. प्रत्येक डिस्कला स्वतःची ओळख असते आणि क्लोनची ओळख मूळ डिस्कसारखीच असते. हा गोंधळ टाळायला विंडोज एका डिस्कची ओळख बदलू शकते आणि मग तिच्यातला जुना पत्ता निरुपयोगी ठरतो.

पासवर्डनंतर रिकामा डेस्कटॉप : हे सर्वात फसवे. विंडोज अर्धवट सुरू होते, कारण सी हे अक्षर तिने जुन्या डिस्कला दिलेले असते. अशा वेळी पुन्हा क्लोन करा आणि पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा.

48 आकडी किल्लीची मागणी : डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे. ही किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, फोनवरूनही ती पाहता येते.

किल्ली नव्याने बनवा

ईएफआय पार्टिशन आहे पण पत्ता चुकला आहे, असे असेल तर पुन्हा क्लोन करावे लागत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान 8 जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवा. लॅपटॉपमध्ये फक्त नवी डिस्क ठेवा आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करा. ‘इन्स्टॉल’ न दाबता ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ निवडा. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ करून पाहा, अनेकदा तेवढ्यावर काम होते.

नाही झाले तर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा. डिस्कपार्टमध्ये व्हॉल्यूमची यादी मागवा, ‘फॅट32’ लिहिलेले छोटे ईएफआय पार्टिशन निवडा (पेन ड्राइव्हही फॅट32च दिसतो, म्हणून आकार नीट पाहा) आणि त्याला एस हे अक्षर द्या. विंडोज असलेल्या ड्राइव्हचे अक्षरही पाहून घ्या, इथे ते सीऐवजी वेगळे असू शकते. डिस्कपार्टमधून बाहेर पडून ‘बीसीडीबूट’ ही कमांड द्या. तिच्यापुढे विंडोजच्या फोल्डरचा पत्ता, मग स्लॅश एस आणि एस कोलन, शेवटी स्लॅश एफ आणि यूईएफआय असे टाइप करा. काही सेकंदांत नवी किल्ली तयार होते.

एक इशारा : डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ हा शब्द चुकूनही टाइप करू नका. नाव साफसफाईचे असले तरी तो निवडलेली सगळी डिस्क रिकामी झाल्यासारखी करून टाकतो.

पुन्हा क्लोन करावे लागले तर

* फक्त सी ड्राइव्ह नको, संपूर्ण डिस्क निवडा.
* आधी जुनी डिस्क ‘चेकडिस्क’ने तपासा. खराब सेक्टरमुळे क्लोन अर्धवट राहू शकतो. तिच्यातून खडखड आवाज येत असेल तर आधी महत्त्वाच्या फाइल बाहेर काढा.
* बिटलॉकर असेल तर क्लोन करण्याआधी तो बंद करून कुलूप पूर्ण उघडू द्या आणि किल्ली कागदावर लिहून ठेवा.
* कुठून कुठे कॉपी होणार, हे दोनदा वाचा. दिशा उलटी झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होईल.
* काम संपले की लॅपटॉप बंद करा, जुनी डिस्क काढा आणि मगच नवी सुरू करा.

माझी चूक सकाळी चहा पिताना सापडली. मी फक्त सी ड्राइव्हवर टिक केली होती. म्हणजे किल्ली जुन्या घरीच राहिली होती! संपूर्ण डिस्क पुन्हा क्लोन केली आणि दुपारी लॅपटॉप सुरू झाला. रात्री जुनी डिस्क पुसली असती तर कॉपी करायला काय उरले असते?

ती डिस्क अजून कपाटात आहे, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून. नवी डिस्क महिनाभर विनातक्रार चालली आणि फोटोंची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवली की मगच ती पुसेन. तुम्हीही घाई करू नका.