मुरगावची अदलाबदल : घरी परतले ते कोण?

युद्धातली अदलाबदल म्हणजे युद्धकैद्यांची, हा समज पक्का रुजलेला आहे. तशी माणसांची देवाणघेवाण कुठेतरी युरोपातच झाली असणार, असंही आपण धरून चालतो. ऑक्टोबर 1943 मध्ये मात्र ती आपल्या गोव्यात, मुरगाव बंदरात झाली आणि तिथे उतरलेली माणसं सैनिक नव्हती. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे गोव्याची निवड झाली. जपानचं 'तेइया मारू' हे जहाज सुमारे दीड हजार माणसं घेऊन आलं. त्यात बहुतेक अमेरिकी आणि कॅनडाचे मिशनरी, व्यापारी, शिक्षक आणि त्यांची बायकामुलं होती. अमेरिकेने भाड्याने घेतलेल्या 'ग्रिप्सहोम' या स्वीडिश जहाजातून तेराशेहून अधिक जपानी आले. काही दिवसांत दोन्हीकडचे प्रवासी बदलले आणि जहाजं आल्या वाटेने परत फिरली. सैनिकांसाठी निदान 1929 चा जिनिव्हा करार होता. शत्रूच्या मुलखात सापडलेल्या साध्या नागरिकाला असं कवच नव्हतं. त्याची सुटका अमेरिकेच्या वतीने स्वित्झर्लंड आणि जपानच्या वतीने स्पेन यांच्यामार्फत चालणाऱ्या वाटाघाटींवर अवलंबून होती.

दुसरा समज अधिक खोल आहे : हे सगळे मायदेशी परतले, म्हणजे त्यांची सुटकाच झाली. 'तेइया मारू'वरच्या बहुतेकांबाबत ते खरं आहे. हाँगकाँग, शांघाय, फिलिपिन्स इथल्या स्थानबद्धतेतून ते बाहेर पडले. पण 'ग्रिप्सहोम'वरचे शेकडो जपानी अमेरिकेतले नव्हतेच. पेरू आणि लॅटिन अमेरिकेतल्या इतर देशांतून त्यांना, बहुतेकदा कुठलाही आरोप न ठेवता, उचलून अमेरिकेतल्या छावण्यांत आणलं गेलं होतं. अदलाबदलीसाठी हाताशी माणसं असावीत, हा त्यामागचा एक उघड हेतू होता. त्यांच्यातल्या मुलांनी तर जपान पाहिलाही नव्हता. अशांच्या प्रवासाला 'परतणं' म्हणायला माझं मन धजत नाही.

यावर कोणी म्हणेल, अनेकांनी जायला होकार दिला होता. दिला होता, हे खरं. पण घरदार आणि धंदा गमावून काटेरी कुंपणाआड बसलेल्या, कुटुंबापासून तुटलेल्या माणसाचा होकार मोकळा कसा मानायचा? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : असा सौदा झाला नसता तर आशियातले दीड हजार जीव आणखी दोन वर्षं कुजले असते. तेही खरं. शिवाय याच फेरीत 'ग्रिप्सहोम'ने आणलेली औषधं आणि मदतसामग्री जपानच्या ताब्यातल्या बंदिवानांसाठी 'तेइया मारू'वर चढवली गेली. अदलाबदल चूक नव्हती. एकाच्या सुटकेसाठी तिसऱ्याच देशातल्या निरपराधाला धरून आणणं, ही चूक होती.

1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराने शत्रुदेशातल्या नागरिकाला, राष्ट्रहिताला बाध येत नसेल तर, देश सोडण्याचा हक्क दिला. राजकीय मतांमुळे किंवा धर्मामुळे छळाची भीती असेल अशा देशात त्याला पाठवायला मनाई केली. अमेरिकेने 1988 मध्ये छावण्यांत डांबलेल्या आपल्या जपानी वंशाच्या लोकांना प्रत्येकी 20,000 डॉलर देऊ केले. लॅटिन अमेरिकेतून आणलेल्यांना त्यातून वगळलं गेलं. ते न्यायालयात गेले, तेव्हा 1998 च्या तडजोडीत त्यांना 5,000 डॉलर मिळाले.