निरोगी संत्र्याचं कलम: प्रयोगशाळेपासून बागेपर्यंत

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात ऐन उमेदीतल्या बागा वाळतात, हे दुःख आता नवं राहिलेलं नाही. बुंध्यातून डिंक ओघळतो, पानं पिवळी पडतात, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. शेतकरी खत बदलतो, पाणी बदलतो, फवारण्या वाढवतो. आजार मात्र पुष्कळदा रोपाबरोबरच विकत आणलेला असतो.

त्याच्या वाटा दोन. पहिली मातीची. फायटोप्थोरा ही बुरशीसारखी जात ओल्या मातीत वाढते. पाणी साचलं की तिचे सूक्ष्म बीजाणू पोहत मुळांपर्यंत जातात. डिंक्या आणि मूळकूज ही तिचीच करणी. दुसरी वाट डोळ्याची. ट्रिस्टेझाचा विषाणू आणि ग्रीनिंगचा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतात. मावा ट्रिस्टेझा पसरवतो, सायला ग्रीनिंग पसरवते, आणि डोळाकाडीतून माणूस दोन्ही रोग गावोगाव नेतो. रोगट मातृवृक्षाचे डोळे शेकडो जंबेरीच्या खुंटांवर भरले, तर शेकडो रोगी रोपं तयार होतात. रोपवाटिकेत ती हिरवीगारच दिसतात, हे अधिक वाईट.

बियांपासून झाड वाढवलं तर हे रोग सहसा उतरत नाहीत, पण ते काटेरी झाड फळावर यायला फार वर्षं घेतं. यातून मार्ग निघाला कॅलिफोर्नियात. तोशिओ मुराशिगे आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये शेंडा-कलमाची पद्धत मांडली, लुईस नवारो यांनी १९७५ मध्ये ती पक्की केली. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने ती नागपुरी संत्र्यासाठी बसवली.

कोवळ्या फुटीच्या अगदी टोकाशी पेशी इतक्या नव्या असतात, की तिथे अन्नवाहिन्या अजून बनलेल्या नसतात. त्यामुळे वाहिन्यांतून फिरणारा रोग तिथवर सहसा पोहोचत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हे ०.१ ते ०.२ मिलिमीटरचं टोक पानांच्या दोन-तीन अंकुरांसह कापतात. जितकं लहान कापावं तितकी रोगमुक्तीची खात्री जास्त, आणि जगण्याची शक्यता कमी. अंधारात सुमारे दोन आठवडे वाढवलेल्या खुंटाच्या रोपाचा शेंडा छाटून, सालीला उलट्या टी आकाराची चीर देऊन ते टोक तिथे बसवतात. मग रोप परीक्षानळीतल्या द्रवात जातं.

त्या द्रवात क्षारांबरोबर साखर असते, आणि साखर बुरशीलाही तितकीच आवडते. एक बीजाणू पडला, की काही दिवसांत नळी कापसासारख्या बुरशीने भरते. म्हणून द्रव, नळ्या, चिमटे सगळं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर वाफवून घेतात, बिया आणि कोंब सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. हवा मात्र वाफवता येत नाही. तिच्यासाठी लॅमिनार फ्लोचं कपाट असतं.

पंखा खोलीतली हवा ओढतो, आधी जाड गाळणीतून आणि मग हेपा गाळणीतून ढकलतो. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवते. बुरशीचे बीजाणू त्याहून कितीतरी मोठे. गाळलेली हवा भोवरे न करता, एका चालीने, सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने पुढे सरकते. विलिस व्हिटफील्ड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये जगापुढे ठेवलेल्या स्वच्छ खोलीचं तत्त्व हेच: धूळ पुसत बसू नका, तिला सतत बाहेर लोटा. खळ्यावर उफणताना भुसा वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो. इथे काम करणारा मुद्दाम त्याच अंगाला बसतो. म्हणूनच गाळणी आणि उघडी नळी यांच्यामध्ये हात आणायचा नाही. त्या खोलीतला सर्वांत अस्वच्छ पदार्थ माणूस असतो. त्वचा, केस, बोलताना उडणारे थेंब, सगळ्यांतून जंतू येतात. वीज गेली की पंखा थांबतो आणि खोलीची हवा आत शिरते. वीज आल्यावर लगेच चिमटा उचलायचा नाही. पंखा काही वेळ चालू द्यायचा, पृष्ठभाग अल्कोहोलने पुसायचा, मगच काम.

कपाट फक्त बाहेरची घाण रोखतं. रोपाच्या आत रोग राहिला का, हे पीसीआर चाचणीच सांगते. चाचणीत उतरलेलं रोप कीटकरोधक जाळीच्या, दुहेरी दाराच्या घरात ठेवतात आणि त्याचेच डोळे पुढे वापरतात.

इथून पुढे मातीची वाट बंद करायची. माती, वाळू आणि शेणखताचं ओलं मिश्रण उन्हाळ्यात पारदर्शक प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलं, की वऱ्हाडचं ऊनच ते निर्जंतुक करतं. रोपं जमिनीतल्या वाफ्यात न वाढवता ट्रेमध्ये आणि पिशव्यांत वाढवायची, डोळा जमिनीपासून सुमारे २३ सेंटिमीटर उंच भरायचा. माझ्या मते सगळी साखळी इथेच तुटते: लाखमोलाचा निरोगी डोळा जुन्या, रोगट वाफ्यातल्या खुंटावर भरला, तर प्रयोगशाळेचे सगळे श्रम वाया.

म्हणून रोप घेताना स्वस्ताईवर जाऊ नका. मातृवृक्षाची चाचणी कधी झाली, ते विचारा. एक पिशवी फाडून मुळं पाहा; पांढरी, तंतुमय हवीत, तपकिरी आणि साल सुटणारी नकोत. लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवा, आणि बुंध्याला पाणी लागणार नाही असं दुहेरी आळं करा.