झेंडा रोवला म्हणून राडा, मारहाणीला फक्त दोन सामने: अमेरिकन फुटबॉलमध्ये शिस्तीचे नियम कसे चालतात?

30 नोव्हेंबर 2024. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं कोलंबस शहर. सामना संपला होता, निकाल लागला होता. पाहुण्या मिशिगन विद्यापीठाने ओहायो स्टेटला त्यांच्याच घरात 13-10 असं हरवलं होतं. तेवढ्यात मिशिगनचे खेळाडू आपला झेंडा घेऊन मैदानाच्या मध्यभागी असलेल्या ओहायो स्टेटच्या लोगोकडे निघाले आणि राडा सुरू झाला. ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने झेंडा काठीवरून ओढून काढला. धक्काबुक्की इतकी वाढली की पोलिसांना पेपर स्प्रे मारावा लागला.

हा व्हिडिओ तेव्हा जगभर फिरला. पण पुढे कारवाई काय झाली? ती समजून घेतली की अमेरिकन फुटबॉलमधल्या शिस्तीचं गणित उलगडत जातं.

आधी एक खुलासा. इथे फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोचा खेळ नाही. हेल्मेट घालून, लांबुळका चेंडू हातात धरून खेळतात तो.

कॉलेजच्या सामन्यावरून एवढं वैर कशाला?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल ही आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसारखी गोष्ट नाही. मिशिगनच्या स्टेडियमची अधिकृत क्षमता 1,07,601 आहे. ओहायो स्टेटच्या स्टेडियममध्येही लाखाहून जास्त लोक बसतात.

या दोन विद्यापीठांचा पहिला सामना 1897 मध्ये झाला आणि मिशिगनने तो 34-0 असा जिंकला. पण दोन राज्यांमधलं वैर त्याहून जुनं आहे. 1835 च्या सुमारास टोलेडो शहर आणि आसपासच्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायोमध्ये सीमावाद पेटला होता. दोन्ही बाजूंनी हत्यारबंद माणसं सीमेवर उभी केली होती. शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं.

आजही या सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या कॅम्पसवर पाट्यांवरच्या इंग्रजी 'एम' अक्षरावर लाल फुली मारली जाते. कारण मिशिगनची सुरुवात त्या अक्षराने होते.

अलाबामा राज्यातल्या अलाबामा आणि ऑबर्न या विद्यापीठांचं वैर तर झाडांवर निघालं. 2010 च्या सामन्यात अलाबामा हरल्यावर त्यांच्या एका चाहत्याने ऑबर्नच्या जुन्या ओक झाडांना विष घातलं. त्याला तुरुंगात जावं लागलं, पण झाडं वाचली नाहीत. 2013 मध्ये ती तोडावी लागली.

मग कोलंबसच्या राड्याची शिक्षा कोणाला झाली?

विद्यापीठांना. हे दोन्ही संघ ज्या 'बिग टेन' गटात खेळतात, त्या गटाने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी 1 लाख डॉलर दंड केला आणि विषय संपवला. खेळाडूंवर बंदी घातली नाही.

कारण सोपं आहे. कॉलेजचा खेळाडू कागदोपत्री विद्यार्थी असतो. 2021 पासून त्याला स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करता येते आणि 2025 पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. पण व्यावसायिक लीगमध्ये असतो तसा नोकरीचा करार, संघटना आणि पगारकपात हा ढाचा तिथे नाही. शिवाय हेच वैर तिकिटं आणि टीव्हीचे हक्क विकून देतं.

पाच महिन्यांनी सॉयरला एनएफएलच्या पिट्सबर्ग स्टीलर्सने निवडलं. तिथे नियम वेगळे.

एनएफएलमध्ये काय बदलतं?

एनएफएल म्हणजे 32 संघांची व्यावसायिक लीग. इथे खेळाडू पगारी कर्मचारी असतो. प्रतिस्पर्ध्याला डिवचलं की पंच पिवळं फडकं टाकतात आणि संघाला 15 यार्डांचा फटका बसतो. असा प्रकार एकाच सामन्यात दोनदा केला तर खेळाडू मैदानाबाहेर जातो. नंतर दंड येतो तो वेगळा, आणि तो त्याच्याच खिशातून जातो. आयपीएलमध्ये मॅच फी कापतात, तसंच काहीसं.

मैदानावरच्या हिंसेवर लीग झटपट कारवाई करते. 14 नोव्हेंबर 2019 ला क्लीव्हलँड ब्राउन्सच्या माइल्स गॅरेटने प्रतिस्पर्ध्याचं हेल्मेट खेचून काढलं आणि तेच त्याच्या डोक्यात हाणलं. दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर बेमुदत बंदी आली. तो उरलेल्या मोसमातल्या सहाही सामन्यांना मुकला.

मैदानाबाहेरच्या वागण्याचं काय?

खरा प्रश्न इथेच आहे. फेब्रुवारी 2014 मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सच्या रे राइसने कॅसिनोच्या लिफ्टमध्ये होणाऱ्या बायकोला मारहाण केली. बेशुद्ध पडलेल्या तिला तो लिफ्टबाहेर ओढतोय, हा व्हिडिओ लगेच समोर आला होता. तरीही लीगने जुलैमध्ये शिक्षा दिली ती फक्त दोन सामन्यांची. त्याच ऑगस्टमध्ये जॉश गॉर्डन या खेळाडूवर गांजाच्या चाचणीवरून पूर्ण मोसमाची बंदी घातली गेली. ती नंतर 10 सामन्यांवर आली.

8 सप्टेंबरला लिफ्टच्या आतला व्हिडिओ बाहेर आला आणि त्याच दिवशी संघाने राइसला काढलं, लीगने बेमुदत बंदी घातली. घटना तीच होती, फक्त आता ती सगळ्यांनी पाहिली होती. एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा देता येत नाही, असं म्हणत लवादाने नोव्हेंबरमध्ये ती बंदी उठवली. पण राइस पुन्हा एनएफएलमध्ये खेळला नाही.

या बदनामीनंतर लीगने आचारसंहिता बदलली. घरगुती हिंसाचार आणि लैंगिक अत्याचारासाठी सहा सामन्यांची बंदी ही आधारपातळी ठरली; परिस्थितीनुसार ती कमी-जास्त होऊ शकते. कोर्टात गुन्हा सिद्ध झाला नसला तरी लीग स्वतः चौकशी करून शिक्षा देऊ शकते, हेही स्पष्ट झालं.

नियम बदलले, मग प्रश्न सुटला का?

पूर्ण नाही. क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनवर 20 हून अधिक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दावे दाखल केले. त्याने आरोप फेटाळले आणि फौजदारी खटला उभा राहिला नाही. दावे प्रलंबित असतानाच, मार्च 2022 मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याला 23 कोटी डॉलरचा करार दिला, तोही पूर्ण हमीचा.

लीगच्या शिस्त अधिकाऱ्याने त्याला सहा सामन्यांची बंदी सुनावली. लीगने त्याविरोधात अपील केलं आणि शेवटी 11 सामने आणि 50 लाख डॉलर दंडावर तडजोड झाली. पण बंदीत कापला जातो तो त्या मोसमाचा मूळ पगार, आणि करारात पहिल्या वर्षी तो जेमतेम 10 लाख डॉलरच्या आसपास ठेवला होता. त्यामुळे बंदीचा पगाराला फारसा फटका बसलाच नाही.

म्हणजे स्टेडियममध्ये कॅमेऱ्यासमोर घडलेल्या गोष्टीला काही तासांत शिक्षा होते. बंद दाराआड घडलेल्या गोष्टीसाठी मात्र तक्रार करणारीला व्हिडिओ बाहेर येण्याची किंवा आपल्यासारख्या आणखी महिला पुढे येण्याची वाट पाहावी लागते. लिफ्टमधला व्हिडिओ फुटला नसता, तर राइस दोन सामन्यांनंतर मैदानावर परतला असता.