ब्रसेल्सला ठरलेला बिटाचा भाव



हंगाम तोंडावर आला की गावोगावच्या पारावर एकच विषय : यंदा भाव काय निघणार? युरोपात साखर उसाची नाही, बिटाची. पण तिथल्या शेतकऱ्याचा प्रश्नही हाच. त्याचा भाव ज्यांच्या हातात होता, अशा एका माणसाची माहिती आम्ही देत आहोत.

डॉ. फ्रान्झ फिशलर यांचा जन्म १९४६ सालचा, ऑस्ट्रियातील टिरोल या डोंगराळ प्रांतातला. शेतीशास्त्राची पदवी घेऊन ते शेतकऱ्यांच्या प्रांतिक कृषिमंडळात नोकरीला लागले व १९८५ साली त्याचे संचालक झाले. १९८९ मध्ये ते देशाचे कृषिमंत्री झाले. १९९५ साली ऑस्ट्रिया युरोपीय संघात गेला आणि फिशलर ब्रसेल्सला संघाचे शेती आयुक्त झाले. तिथे ते २००४ पर्यंत होते.

युरोपची साखरेची घडी १९६८ पासूनची. देशवार कोटा, पक्का हमीभाव, परदेशी साखरेवर जबर जकात. हमीभाव टनाला सुमारे ६३२ युरो, म्हणजे जगाच्या बाजारभावाच्या जवळजवळ तिप्पट! जादा साखर अनुदान देऊन बाहेर विकली जाई. त्याने जगाचा भाव पडे आणि फटका ऊसवाल्या देशांना बसे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. २००५ मध्ये अंतिम निकाल युरोपच्या विरुद्ध गेला.

निकालाची वाट न बघता फिशलर यांनी जुलै २००४ मध्येच प्रस्ताव मांडला : भाव कमी करा, पण नुकसानीचा काही भाग थेट शेतकऱ्याच्या हातात द्या. शेतकऱ्यांच्या संस्थेतून आलेल्या माणसानेच भावाला कात्री लावावी, हे अनेकांना रुचले नाही. पुढे २००६ पासून चार वर्षांत हमीभाव ३६ टक्के उतरला. बीटवाल्यांना तुटीच्या सरासरी ६४ टक्के भरपाई मिळाली. तरी आयर्लंडमधला शेवटचा साखर कारखाना त्याच वर्षी बंद पडला. २०१७ मध्ये कोटाही संपला. पद सुटल्यावर फिशलर शेती व युरोपीय धोरणाचे सल्लागार म्हणून काम करू लागले.

हे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. तर ऐका. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी अशीच तक्रार भारतावर केली. डिसेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या पंचांनी आपल्या एफआरपीवर व निर्यात मदतीवर बोट ठेवले. भारताने त्यावर अपील केले.

म्हणजे भावाचा वाद आता काट्यावर आणि मुंबई-दिल्लीतच मिटत नाही. आम्हाला वाटते, तिथे आपली बाजू मांडायला शेतीचा खर्च व परदेशी कायदा दोन्ही जाणणारी माणसे हवीत. ती आपल्याच घरांतून निघावीत. पोरगं शिकत असेल तर हाही रस्ता त्याच्या कानावर घाला. आणि कात्री लागायचीच असेल, तर भरपाईचा आकडा आधी ठरवून घ्यावा, एवढे बीटवाल्यांकडून शिकण्यासारखे आहे.